रॉनी बार्कर: पात्राआड राहिलेला नट

प्रश्न असा आला आहे: "अभिनयाच्या वर्गात तुम्ही ब्रिटिश टीव्हीवरच्या रॉनी बार्करचं नाव सारखं घेता. तो तर स्केच, म्हणजे छोटे विनोदी प्रवेश, करणारा नट. नाटक करणाऱ्याने त्याच्याकडून नेमकं काय घ्यायचं? आणि एवढी लोकप्रियता असताना साठीही न गाठता त्याने काम का सोडलं?"

आधी थोडक्यात सांगतो, मग सविस्तर. बार्करला लोकांपुढे स्वतः उभं राहायचं नव्हतं, पात्राला उभं करायचं होतं. पात्राच्या तोंडी एकही वाक्य भरतीचं नको, यासाठी तो जिवापाड राबायचा. त्याची लेखणी, त्याचं टायमिंग, सहनटाला दिलेली जागा आणि शेवटी त्याचं थांबणं हे सगळं त्या एका स्वभावातून आलेलं आहे. आपल्याकडे विनोदी नट म्हटलं की 'हजरजबाबी', 'पदरची वाक्यं टाकणारा' असंच चित्र डोळ्यापुढे येतं. बार्कर त्याच्या अगदी उलट टोकाचा. म्हणून तर मुलांना मी तो बघायला लावतो.

बार्करचा जन्म 25 सप्टेंबर 1929चा, बेडफर्डमधला. वडील तेल कंपनीत कारकून. तो लहान असतानाच कुटुंब ऑक्सफर्डला आलं. जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या गावात तो वाढला, पण विद्यापीठात कधी शिकला नाही. वास्तुरचनेचं शिक्षण सुरू केलं आणि सोडलं. मग बँकेत कारकुनी, आणि संध्याकाळी हौशी मंडळात नाटकं. दिवसा बँक आणि रात्री तालीम हे आयुष्य मराठी नटांच्या कित्येक पिढ्यांना नव्याने समजावून सांगायला नको. 1948च्या नोव्हेंबरात एल्सबरी या गावी तो व्यावसायिक रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला.

तिथून पुढची काही वर्षं त्याने रेपर्टरी कंपन्यांत काढली, आणि माझ्या मते त्याची खरी शाळा तीच. त्या काळी इंग्लंडच्या लहान शहरांत अशा कंपन्या असायच्या. ठरलेला नटसंच, ठरलेलं नाट्यगृह आणि बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला नवं नाटक. रात्री या आठवड्याचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या आठवड्याची तालीम. यात नटाला 'भूमिका सापडेपर्यंत' थांबायची चैन परवडत नाही. म्हातारा नोकर मिळाला तर मंगळवारपर्यंत त्याची चाल सापडलेली हवी, गुरुवारपर्यंत पाठांतर चोख हवं. बार्कर अंगाने भरलेला, चेहऱ्याने साधा. नायकाच्या भूमिका त्याच्या वाट्याला येणार नव्हत्या. नोकर, शोफर, हवालदार, म्हातारे अशाच भूमिका मिळत गेल्या आणि त्यातच त्याला कळलं की प्रेक्षकांना हसवणं हेच आपलं काम. मधे बेकारीही आली. एका रुग्णालयात त्याने रुग्णांना ने-आण करायचं काम केलं. एका मूकाभिनयाच्या मंडळीबरोबर दौऱ्यावर निघाला, ती मंडळी वाटेतच बुडाली.

पुढे ऑक्सफर्ड प्लेहाऊसमध्ये त्याला स्थिर काम मिळालं. 1955 साली दिग्दर्शक पीटर हॉलने त्याला लंडनच्या रंगभूमीवर आणलं, तेही एका गंभीर अमेरिकन नाटकात. विनोदी नटाचा पाया गंभीर नाटकात पक्का होतो असं मी सांगतो तेव्हा मुलांना ते पुस्तकी वाटतं. बार्करच्या बाबतीत तो सरळ घडलेला इतिहास आहे.

त्यानंतर रेडिओ. 'द नेव्ही लार्क' ही बीबीसीची विनोदी मालिका 1959मध्ये सुरू झाली आणि त्यात बार्कर एकाच भागात दोन-तीन वेगवेगळी माणसं आवाजाने उभी करायचा. रेडिओवर चेहरा नाही, अंगविक्षेप नाही. शब्दाचा उच्चार, श्वास आणि वाक्य कुठे तोडायचं एवढंच भांडवल. पुढे टीव्हीवर त्याच्या तोंडून लांबलचक, जीभ अडखळावी अशी भाषणं एका दमात बाहेर पडायची, त्याची तयारी इथे झाली.

1966 साली डेव्हिड फ्रॉस्ट या सादरकर्त्याच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात तो आणि जॉन क्लीज, रॉनी कॉर्बेट हे दोन विनोदी नट एकत्र आले. तिघे उंचीच्या उतरत्या क्रमाने उभे राहून ब्रिटिश समाजाची वर्गव्यवस्था सांगतात ते स्केच तुम्ही कदाचित पाहिलं असेल. उंच क्लीज वरच्या वर्गातला, बार्कर मधला, बुटका कॉर्बेट कामगार. कार्यक्रमाभोवती बरीच मंडळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची होती. बार्कर आणि कॉर्बेट दोघेही विद्यापीठाचं तोंड न पाहिलेले, रंगमंचावर घडलेले. त्यांची मैत्री तिथे घट्ट झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

पुढे एका पुरस्कार सोहळ्यात तांत्रिक बिघाड झाला. मंचावर असलेल्या या दोघांनी काही मिनिटं प्रेक्षकांना धरून ठेवलं. बीबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख बिल कॉटन प्रेक्षकांत बसले होते. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं आणि 1971 साली 'द टू रॉनीज' सुरू झालं. ते 1987पर्यंत चाललं.

या कार्यक्रमाची रचना नीट पाहा, त्यात बार्करचा स्वभाव दिसतो. सुरुवातीला आणि शेवटी दोघे वृत्तनिवेदकांसारखे टेबलामागे बसून खोट्या बातम्या वाचतात. मधे कॉर्बेट एका मोठ्या खुर्चीत बसतो आणि स्वतः कॉर्बेट म्हणूनच गप्पा मारत, भरकटत एक लांबलचक किस्सा सांगतो. बार्करचं तसं एकही सदर नाही. त्याचं जे एकट्याचं भाषण असतं ते कुठल्या तरी संस्थेच्या प्रवक्त्याचं: मिशी लावलेला, चष्मा घातलेला, काहीतरी शारीरिक किंवा भाषिक खोड असलेला गृहस्थ. बार्कर म्हणून प्रेक्षकांशी बोलायची वेळ आली की तो अवघडायचा. मुलाखतींपासूनही तो होता होईल तो लांबच राहिला. मिशी लागली, चष्मा चढला, बेअरिंग मिळालं की मग तोच माणूस सिंह.

आता जेराल्ड वायलीची गोष्ट सांगतो. साठच्या दशकाच्या अखेरीस, फ्रॉस्टच्या निर्मितीसंस्थेसाठी काम करत असताना, बार्करच्या कार्यक्रमांकडे जेराल्ड वायली नावाच्या कुणा लेखकाची स्केचेस येऊ लागली. उत्तम स्केचेस. हा लेखक कुणाला भेटत नसे, सगळा व्यवहार एजंटमार्फत. कोण असेल यावर तर्क लढू लागले. एखादा नावाजलेला नाटककार टोपणनावाने लिहीत असणार असंही काहींना वाटलं. बार्कर या चर्चेत सामील व्हायचा आणि वायलीचं एखादं स्केच 'हे काही जमलेलं नाही' म्हणून बाजूलाही ठेवायचा. शेवटी एकदा वायलीने सगळ्यांना एका चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं. मंडळी जमली आणि बार्कर उठून म्हणाला, वायली तो मीच. आधी कुणाचा विश्वासच बसेना.

ही गंमत म्हणून सगळीकडे सांगितली जाते. मला ती फार गंभीर गोष्ट वाटते. बार्कर तेव्हा कार्यक्रमाचा मुख्य नट होता. त्याने स्वतःच्या नावाने लिहिलेलं कुणी नाकारलं नसतं, आणि त्याला तेच नको होतं. आपलं लिखाण आपल्या वजनामुळे नव्हे, कागदावरच्या गुणांमुळे निवडलं जावं, ही त्याची अट. आज एकांकिका स्पर्धेत लेखक, दिग्दर्शक आणि नट एकच असतो, तेव्हा तालमीत त्याला 'हे वाक्य पडतंय' असं सांगायची कुणाची छाती होत नाही. बार्करने ती सोय स्वतःच स्वतःसाठी करून ठेवली होती.

त्याने लिहिलेलं सगळ्यात गाजलेलं स्केच 1976चं. दुकान लोखंडी सामानाचं, काउंटरमागे कॉर्बेट, गिऱ्हाईक बार्कर. गिऱ्हाईक मागतो एक, दुकानदाराला ऐकू येतं दुसरं. दुकानदार चार मेणबत्त्या काढून ठेवतो, तर हवे असतात बागकामाच्या काट्यांचे दांडे, कारण 'फोर कँडल्स' आणि 'फोर्क हँडल्स' त्या गिऱ्हाइकाच्या बोलीत सारखेच ऐकू येतात. मग तसाच गोंधळ पुन्हा पुन्हा. मुळात ही कल्पना एका खऱ्या दुकानदाराने पत्रातून कळवलेल्या प्रसंगावरून सुचलेली.

वर्गात हे स्केच मी दोनदा दाखवतो. पहिल्यांदा मुलं शब्दांवर हसतात. दुसऱ्यांदा मी त्यांना फक्त कॉर्बेटकडे बघायला सांगतो. लेखक बार्कर, मोठा तारा बार्कर, पण राग चढत जाण्याची, शिडीवर चढण्या-उतरण्याची, कपाळाला हात लावण्याची सगळी कमाई कॉर्बेटच्या वाट्याला. बार्कर स्वतः जवळजवळ दगडासारखा उभा. चेहऱ्यावर विनोद केल्याचा मागमूस नाही, यादीतली पुढची वस्तू मागणारा थंड माणूस. गिऱ्हाईक जरा जरी मिस्कील दिसला असता तर तो मुद्दाम छळतोय असं वाटलं असतं आणि दुकानदाराचा संताप खोटा पडला असता. लेखकाला हे कागदावरच कळलेलं होतं. एवढं करूनही या स्केचच्या शेवटावर तो कधी पुरता समाधानी नव्हता.

'द टू रॉनीज' सगळंच आज बघवतं असं मात्र नाही. बायकांकडे बघण्याची नजर अनेक ठिकाणी जुनाट आहे, आणि वेगळ्या वंशाच्या माणसांची सोंगं रंग फासून केलेली आहेत. बार्करला इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या चावट पोस्टकार्डांचा शौक होता, त्यांचा मोठा संग्रह त्याच्याकडे होता, आणि ती चव त्याच्या गाण्यांत उतरली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नव्या पिढीच्या एका बीबीसी कार्यक्रमाने याच गोष्टीवर बोट ठेवून दोघांचं विडंबन केलं. ते बार्करच्या जिव्हारी लागलं. माझ्या मते टीका रास्त होती. त्याची मोठी कामगिरी मी या गाण्यांत शोधत नाहीच, मी ती 'पॉरिज' या मालिकेत शोधतो.

1973 साली बीबीसीने बार्करला घेऊन सात स्वतंत्र विनोदी कथा केल्या, दर वेळी वेगळं पात्र. त्यातल्या दोन कथांच्या पुढे बार्करलाच घेऊन मालिका झाल्या. एक 'पॉरिज', दुसरी 'ओपन ऑल अवर्स'. एकाच हंगामातून दोन अजरामर पात्रं मिळणं हे भाग्य खरंच, पण सात वेगळी माणसं एकापाठोपाठ उभी करायची तयारी रेपर्टरीतून आलेली होती.

'पॉरिज' 1974 ते 1977 चालली. लेखक डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने, दिग्दर्शक सिडनी लॉटरबी. नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर हा मुरलेला चोर पाच वर्षांची शिक्षा भोगायला तुरुंगात येतो. मालिकेच्या सुरुवातीला न्यायाधीश शिक्षा सुनावतो तो आवाजही बार्करचाच आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. तुरुंगाचं वातावरण कसं असतं हे कळावं म्हणून लेखकांनी एका माजी कैद्याशी बोलणं केलं. त्याच्याकडून त्यांना 'रोजचे छोटे विजय' ही कल्पना मिळाली. फ्लेचर पळून जात नाही, बंड करत नाही. एखादा जास्तीचा डबा ढापणं, साहेबाला न कळेल असा टोमणा मारणं, मऊ काम पदरात पाडून घेणं, एवढ्यावर तो दिवस जिंकतो. मालिकेची सगळी माया या छोटेपणात आहे.

फ्लेचरच्या कोठडीत लेनी गॉडबर हा तरुण येतो, पहिल्यांदाच शिक्षा झालेला. ती भूमिका रिचर्ड बेकिन्सेलची. पहिल्या हंगामातला 'अ नाइट इन' हा भाग जवळजवळ पूर्ण त्या एका कोठडीत घडतो. दार बंद झालंय, दोघं आपापल्या खाटांवर आहेत. गॉडबरला रात्र खायला उठते. फ्लेचर त्याला सांगतो की आज आपण बाहेर न जाता घरीच बसायचं ठरवलंय असं समज. कथानक म्हणावं असं जवळजवळ काही नाही.

त्या भागात बार्कर काय करतो? ऐकतो. पडल्या पडल्या, डोळे छताकडे ठेवून ऐकतो. गॉडबरचं वाक्य संपलं की लगेच उत्तर देत नाही. आधी वैतागाचा एक क्षण येतो, मग त्या वैतागाखालून काळजी दिसते, आणि मग तो टोमणा मारतो. टोमण्यावर हशा येतो, पण काळजी दिसली नसती तर तो हशा रिकामा असता. मुलगा घाबरलाय हे फ्लेचरला ठाऊक आहे आणि ते तो तोंडाने कबूल करणार नाही, एवढंच बार्करने सतत धरून ठेवलेलं आहे. भोवतीची माणसंही पाहा. ताठ पाठीचा, मान झटकणारा वॉर्डर मके फुल्टन मॅकेने केला आणि भिडस्त बॅरोक्लो ब्रायन वाइल्डने. मॅकेच्या मानेच्या झटक्याशेजारी बार्कर मुद्दाम सैल, ओघळलेला उभा राहतो. दोन नटांनी एकमेकांशी ठरवून केलेलं ते कोरीव काम आहे.

बेकिन्सेल 1979च्या मार्चमध्ये वयाच्या अवघ्या 31व्या वर्षी गेला. फ्लेचरची सुटकेनंतरची गोष्ट सांगणारी मालिका 1978 साली येऊन गेली होती. 'पॉरिज'चा चित्रपट बेकिन्सेलच्या मृत्यूच्याच वर्षी आला.

'ओपन ऑल अवर्स' रॉय क्लार्कने लिहिली. यॉर्कशायरमधलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, कवडीचुंबक मालक आर्कराइट, राबणारा भाचा ग्रॅनव्हिल म्हणजे डेव्हिड जेसन, आणि समोर राहणारी नर्स ग्लॅडिस म्हणजे लिंडा बॅरन. आर्कराइट तोतरा आहे. हे तोतरेपण बार्करने घातलं. तरुणपणी तो ग्लेन मेल्विन नावाच्या नटाबरोबर काम करत असे, ही लकब त्याने त्याच्याकडून उचलली होती. तोतरेपणावर विनोद करावा का, हा प्रश्न आज रास्त आहे आणि मी नव्या नटाला ते करायला सांगणार नाही. पण बार्कर ते कसं वापरतो ते बघण्यासारखं आहे. तो अक्षरावर अडतो तेव्हा समोरच्याला वाटतं वाक्य अमुक दिशेला चाललंय, आणि सुटल्यावर ते भलतीकडेच जातं. अडलेला शब्द पुढच्या शब्दाची उत्सुकता वाढवतो. शिवाय आर्कराइट बिचारा नाही. गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू गळ्यात मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आणि इथेही पुन्हा तेच: जेसनला मोकळं रान. तो धडपडतो, सायकलवरून जातो, चिडतो, आणि बार्कर बाजूला राहून त्याला हशा घेऊ देतो. पुढे स्वतः मोठा तारा झालेला जेसन बार्करला 'गव्हर्नर', म्हणजे उस्ताद म्हणायचा.

आता दुसरा प्रश्न, थांबण्याचा. 1987 साली बार्करने निवृत्ती ठरवली. त्याने केलेल्या, डोळ्यांनी अधू असलेल्या हमालाची 'क्लॅरेन्स' ही मालिका 1988च्या सुरुवातीला दाखवली गेली आणि तो थांबला, वयाच्या 58व्या वर्षी. कॉर्बेटला त्याने बरंच आधी विश्वासात घेतलं होतं. नव्या कल्पना पहिल्यासारख्या सुचत नाहीत, करायचं होतं ते करून झालं आणि प्रकृतीची धास्ती आहे, ही त्याची कारणं. लोकांना यामागे काहीतरी गुपित असावं असं वाटत राहिलं. मला नाही वाटत. जो माणूस दुसऱ्याच्या नावाने स्वतःचं स्केच पाठवून पारखून घेतो, त्याला आपलं लिखाण उतरणीला लागलंय हे प्रेक्षकांच्या आधी कळणारच. नुसत्या चेहऱ्यावर आणि जुन्या पुण्याईवर आणखी दहा वर्षं सहज निघाली असती. पण 'बार्कर' म्हणून लोकांपुढे उभं राहण्यात त्याला कधीच रस नव्हता.

त्याने ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टन गावात जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं आणि कित्येक वर्षं चालवलं. बऱ्याच काळाने, 2002 साली, चर्चिलच्या आयुष्यावरच्या एका दूरचित्रपटात त्याने चर्चिलचा बटलर केला, चर्चिल झालेल्या अल्बर्ट फिनीसमोर. नोकराची भूमिका, मोजकी वाक्यं. रेपर्टरीतल्या नोकरांपासून तिथपर्यंतचा अभ्यास त्या थोड्या वाक्यांत आहे. 2005 साली दोघा रॉनींनी जुन्या स्केचेसचा एक कार्यक्रम एकत्र सादर केला. 3 ऑक्टोबर 2005 रोजी बार्कर गेला. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा झाली, तेव्हा मिरवणुकीत नेहमीच्या दोन मेणबत्त्यांऐवजी चार होत्या.

बघायला कुठून सुरुवात करायची, हे विचाराल म्हणून सांगतो. स्केचेसपासून करू नका. आधी 'अ नाइट इन' बघा, सलग आणि एकट्याने. मग 'ओपन ऑल अवर्स'चा कुठलाही भाग घ्या आणि शेवटची काही मिनिटं लक्ष देऊन ऐका. रात्री दुकानाबाहेरचा माल आत घेताना आर्कराइट स्वतःशी बोलतो आणि तिथे कवडीचुंबकपणाखालचा एकाकी माणूस कळतो. त्यानंतर मेणबत्त्यांचं स्केच. आणि सगळ्यात शेवटी प्रवक्त्याचं एखादं भाषण घेऊन ते कागदावर जसंच्या तसं उतरवून काढा, तो श्वास कुठे घेतो तिथे खुणा करा, आणि मग एकही शब्द पदरचा न घालता मोठ्याने वाचा. पुढच्या वर्गाला येताना तो कागद बरोबर आणा, तिथून बोलू.